पद्मिनीचे नवे बुश वर्षभरात का गेले? रबर बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी, पुढच्या सस्पेन्शनचे सगळे रबर बुश गेल्या दिवाळीच्या सुमारास बदलून घेतले. वर्ष व्हायच्या आत खड्ड्यात डाव्या बाजूने पुन्हा ‘खट्ट’ असा आवाज यायला लागला आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. मेकॅनिक म्हणतो, हल्ली रबर चांगलं येत नाही, पॉलियुरेथेनचे बुश टाका, कायमचं काम होईल. तर पॉलियुरेथेन टाकावं का, आणि हे काम घरच्या घरी जमेल का?

रबर की पॉलियुरेथेन हा प्रश्न मी जरा मागे ठेवतो. नीट बसवलेला बरा रबर बुश वर्षात जात नाही, आठ-दहा वर्षं आरामात चालतो. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे, हे बुश इतक्या लवकर गेले कशाने, आणि मुळात तेच गेलेत का? याचं उत्तर न शोधता दुसऱ्या मटेरियलचे बुश घातले, तर ज्या कारणाने रबर मेलं ते कारण गाडीत तसंच राहतं.

गाडी मी पाहिलेली नाही, म्हणून काही गोष्टी तुमच्यावर सोपवाव्या लागतील. गाडी रोज चालते की महिन्यातून दोनदा, समुद्रकाठी उभी असते की घाटावर, स्प्रिंगा मूळच्या आहेत की कधी बदलल्यात, टायर रेडियल आहेत का, आधीच्या मालकांनी काय काय ‘जुगाड’ केलेत, या सगळ्यावर उत्तर थोडं थोडं सरकतं. पण जुन्या फियाट गाड्यांची कामं करताना एक कारण मला इतक्या वेळा सापडतं की सुरुवात तिथूनच करतो.

सस्पेन्शन आर्मच्या, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या, आतल्या टोकाला जो बुश असतो, त्यात बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लोखंडी नळी आणि मधे दोन्हींना घट्ट धरून बसलेलं रबर. गॅरेजमध्ये याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, प्रेसने बसते. आतली नळी पिन आणि नट आवळल्यावर गाडीच्या बाजूला पक्की धरली जाते. म्हणजे चाक वर-खाली झालं की इथे काहीही घासत किंवा फिरत नाही, फक्त रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. बुशचं सगळं आयुष्य या पिळण्याच्या हिशेबावर आहे.

आता गॅरेजमध्ये काय होतं ते बघा. गाडी जॅकवर चढवलेली, चाकं काढलेली, आर्म खाली लोंबतायत. नवे बुश बसवले, पिन घातली, आणि आर्म लोंबत असतानाच नट गच्च आवळून टाकले. त्या क्षणी आतली नळी जागेवर धरली गेली, म्हणजे रबराच्या दृष्टीने ‘सरळ’ स्थिती ही लोंबती स्थिती झाली. मग चाकं लावून गाडी खाली सोडली की आर्म वर येतो आणि रबर पिळलं जातं, गाडी नुसती उभी असतानाही. आर्म साधारण 30 सेंमी लांब धरला आणि लोंबत्या अवस्थेतून चाक 8 सेंमी वर आलं, तर हा पीळ सुमारे 15 अंशांचा होतो. त्यावर खड्ड्यात चाक आणखी 6-7 सेंमी वर गेलं की अजून 12-13 अंश. ज्या रबराने मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे थोडं थोडं पिळावं अशी रचना आहे, त्याला एकाच बाजूला दुप्पट पिळून ठेवलं जातं, तेही दिवसरात्र. मग ते आतल्या नळीपासून सुटतं किंवा नळीच्या कडेने गोल चीर पडून फाटतं. पीळ एका जागी कायम असल्यामुळे गाडी थोडी उंचही उभी राहते आणि अलाइनमेंटचे आकडे चुकीच्या उंचीवर घेतले जातात.

म्हणून नियम एकच: सायलेंट ब्लॉक असलेल्या प्रत्येक सांध्याचा शेवटचा आवळा गाडी आपल्या चाकांवर, चालण्याच्या उंचीला उभी असताना द्यायचा. त्याआधी नट फक्त हाताने लागतील एवढेच लावायचे.

तुमचे जुने बुश काढल्यावर ते फेकू नका, नीट बघा. आतल्या नळीच्या कडेला गोलाकार, एकसारखी चीर असेल तर पीळ हे कारण बहुतेक ठरलं. रबर फुगलेलं, मऊ, बोटाला काळं लागणारं असेल तर तेल. आतली नळी मध्यभागी न राहता एका बाजूला सरकली असेल आणि तिथलंच रबर चिरडलं असेल तर भार जास्त, किंवा रबर फार मऊ. बाहेरच्या नळीवर चकचकीत घासल्याच्या खुणा असतील तर बुश आर्मच्या डोळ्यात सैल बसला होता आणि तो अख्खाच फिरत होता. या चार खुणा चार वेगवेगळी कारणं सांगतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची एक सवय इथे घातक ठरते. पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जळालेल्या ऑइलचा फवारा मारायची पद्धत अजून आहे. पत्रा गंजू नये, पाट्यांचा (मागच्या लीफ स्प्रिंगांचा) आवाज जावा म्हणून लोक आवर्जून मारून घेतात. पत्र्याला त्याने फायदा होत असेल, पण नैसर्गिक रबर खनिज तेल शोषतं, फुगतं आणि त्याची ताकद जाते. कुरकुर थांबावी म्हणून बुशला ग्रीस चोपडणं हाही तोच प्रकार. ग्रीस निपल जिथे आहे, म्हणजे किंगपिनला (ज्या उभ्या पिनेभोवती पुढचं चाक वळतं तिला), तिथे वेळच्या वेळी ग्रीस द्याच. रबर बुशवर मात्र थेंबही नको. इंजिनच्या संपमधून (खालच्या तेलाच्या टाकीतून) किंवा स्टिअरिंग बॉक्समधून ठिबकणारं तेल कुठल्या बुशवर पडतंय तेही बघा. गळती तशीच ठेवून खालचा बुश बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

आता तो आवाज. ‘खट्ट’ ऐकलं की बुश हा निष्कर्ष लगेच काढू नका. पद्मिनीच्या पुढच्या भागात दोन बाजूंना वरचे-खालचे आर्म, कॉइल स्प्रिंग, शॉकअप, किंगपिन, आडवा स्टॅबिलायझर रॉड (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारा) आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचे सांधे आहेत, आणि यातला प्रत्येक जण खट्ट करू शकतो. मी आधी रस्त्यावर ऐकतो. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढवल्यावर आवाज येत नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की येतो, असं असेल तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या रबरांवर. कारण दोन्ही चाकं सारखी वर आली की तो रॉड पिळला जात नाही, नुसता फिरतो. दोन्ही चाकांना सारखाच आवाज येत असेल तर शॉकअपची वरची-खालची रबरं आणि आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कर्रर्र होत असेल तर कोरडा किंगपिन. आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना किंवा रिव्हर्सला जाताना एकदाच खट्ट होत असेल तर पुढचं सोडून मागे बघा. तिथे पाट्याचा पुढचा बुश किंवा प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस सांधा असू शकतो.

कुरकुर असेल तर साबणाचं पाणी फवारा. एकेका रबरावर फवारून गाडी हाताने दाबायची, ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबतो तो दोषी. गाडी पावसात गप्प आणि उन्हात कुरकुरते, असं कोणी सांगितलं की रबर आणि लोखंड कुठेतरी घासतंय हे निम्मं तिथेच कळतं.

मग गाडी जॅकवर. जॅक बॉडीखाली न लावता, स्प्रिंगचा भार ज्या आर्मवर येतो त्याच्या बाहेरच्या टोकाखाली लावा, म्हणजे स्प्रिंगचा ताण किंगपिनवरून उतरतो आणि खरी ढिलाई हाताला लागते. बॉडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवून ठेवा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. हललं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलाई व्हील बेअरिंगची. तरीही हलत असेल तर किंगपिन किंवा आर्मचे सांधे. मग आर्म आणि क्रॉसमेंबर (ज्या आडव्या तुळईला आर्म जोडलेले असतात ती) यांच्यामध्ये टॉमी, म्हणजे छोटी पहार, घालून हलकेच ताणा. रबर थोडं दबणारच, ते बरोबर आहे. पण आतली नळी रबरापासून सुटून वेगळी हलताना दिसली, किंवा लोखंडाला लोखंड लागलं, तर तो बुश गेला.

ब्रेकला डावीकडे ओढणं ही वेगळी खूण आहे, आणि तिची दोन कारणं एकमेकांसारखी दिसतात. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. एका बाजूचा व्हील सिलिंडर गळून लायनर ओला झाला, किंवा एका बाजूचं ॲडजस्टमेंट घट्ट राहिलं, की गाडी ओढते. तिथे पेडल जितकं दाबाल तितकी ओढ वाढते, एकसारखी. बुश गेला असेल तर ओढ जराशी उशिरा आणि झटक्याने येते. आधी आर्म ढिलाईभर मागे सरकतो, ‘खट्ट’ होतो, चाकाचा कोन बदलतो आणि मग गाडी दिशा सोडते. ब्रेक सोडल्यावर परत एक खट्ट. हे बघायचं असेल तर सपाट, मोकळ्या जागेत कोणाला तरी माणसाच्या चालीने गाडी पुढे घेऊन ब्रेक मारायला सांगा आणि तुम्ही बाजूला, चाकाच्या वाटेपासून दूर उभं राहून मडगार्ड आणि टायर यांच्यातलं अंतर बघा. चाक मागे सरकताना डोळ्यांना दिसतं. तुमच्याकडे आवाज आणि ओढ दोन्ही डावीकडेच आहेत, म्हणून माझा अंदाज डाव्या आर्मच्या बुशकडे झुकतो. तरी डावा आणि उजवा, दोन्ही ड्रम उघडून बघितल्याशिवाय बुश मागवू नका. ड्रम उघडायला अर्धा तास लागतो, खर्च काहीच नाही.

आता रबर की पॉलियुरेथेन. पॉलियुरेथेनचा बुश वेगळ्या पद्धतीने काम करतो. तो बहुतेक दोन तुकड्यांत येतो, मधे लोखंडी नळी, आणि ती नळी आत फिरते. म्हणजे रबर जिथे पिळलं जातं तिथे हा घासतो. म्हणून त्याला बसवताना खास सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि ते सुकलं की कुरकुरतो. लोंबत्या आर्मवर आवळला तरी तो पिळाने फाटत नाही. ‘पॉली टाकल्यावर प्रॉब्लेम गेला’ असे अनुभव येतात त्यातले बरेच खरे असतात, पण त्यामागे मटेरियलच्या ताकदीपेक्षा ही गोष्ट जास्त असते.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सस्पेन्शनच्या रबराची कडकपणाची मोजणी शोअर ए या मापात साधारण 55 ते 70 असते, पॉलियुरेथेनची 80 ते 95. रस्त्याचा जो दणका रबर गिळतं, तो पॉली पुढे ढकलतं. पुढे म्हणजे कुठे? पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. चाळीस वर्षांचा पत्रा, त्यात मुंबई-कोकणात काढलेले पावसाळे, आणि आर्मचा क्रॉसमेंबर जिथे बॉडीला बोल्ट होतो तिथला जोड. तिथे आधीच गंजाची पापडी सुटत असेल तर कडक बुश त्या जोडाला रोज हातोडा मारत राहतो. रबर ही या गाडीतली मुद्दाम ठेवलेली मऊ जागा आहे, आणि ती स्वस्तात बदलता येते. पत्रा तसा बदलता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: आर्मना आणि मागच्या पाट्यांच्या पुढच्या डोळ्याला रबरच. पाटा वळणावर थोडा पिळला जातो, तिथला बुश फिरण्याबरोबर तिरकाही व्हावा लागतो, आणि कडक मटेरियल तो तिरकेपणा देत नाही. स्टॅबिलायझरच्या रबरांना हवं तर पॉलियुरेथेन टाका. तिथे हालचाल साधी आहे, थोडा कडकपणा वळणावर उपयोगी पडतो आणि बसवणंही सोपं. ज्यांनी गाडी रॅलीसाठी बांधली आहे, शेल मजबूत करून घेतलाय, त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. तुमची गाडी वडिलांची, रविवारी बाहेर काढायची. तिला रबर शोभतं.

लेथवर नायलॉनचे बुश करून घ्या असा तिसरा सल्लाही तुम्हाला मिळेल. टर्नर सफाईने करून देतो, दिसायला सुंदर, आणि किंमतही कमी. आर्मच्या सांध्यासाठी मला ते मान्य नाही. नायलॉन ओल शोषून फुगतं, मग सांधा जाम होतो. फुगलं नाही तर झिजून ढिलं होतं. दणका तर जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो.

रबर घ्यायचं कुठून? पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर हा माल दुकानांत फिरता होता, आज आलेलं पाकीट पुढच्या महिन्यात संपायचं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली आणि ते गिऱ्हाईकच संपलं. आता मुंबईत ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत किंवा पुण्यात नाना पेठेत जुन्या दुकानदाराकडे ‘ओरिजिनल’ पाकीट निघतं तेव्हा आनंद होतो, पण पाकिटातलं रबरही तितकंच जुनं असतं. न वापरता ठेवलेलं रबरही हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोनने कडक होत जातं. दुकानातच बुश हातात घ्या, नखाने दाबा: खूण पडून परत भरून आली पाहिजे. उजेडात धरून रबराची कडा बघा, केसासारख्या चिरा दिसल्या तर ठेवून द्या. आतली नळी बाहेरच्या नळीच्या बरोबर मध्यात आहे ना, रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं आहे ना, हेही तिथेच बघा. आणि व्हर्नियर खिशात ठेवा. बाहेरच्या नळीचं माप जुन्या बुशशी, आणि शक्य असेल तर आर्मच्या डोळ्याशी, जुळवून घ्या.

हे माप फार महत्त्वाचं आहे. बुश डोळ्यापेक्षा साधारण पाच ते दहा शतांश मिलिमीटर मोठा असावा, तरच प्रेसने घट्ट बसतो. बाजारातल्या काही बुशांचं माप एवढंही सांभाळलेलं नसतं. हाताने ढकलून बुश आत जात असेल तर तो परत करा. अशा वेळी गॅरेजमध्ये डोळ्याच्या कडेला पंच मारतात, पातळ पत्रा गुंडाळून ठोकतात किंवा वेल्डिंगचे दोन टाके मारतात. पंच थोडे दिवस टिकतो, पत्रा सुटतो, आणि टाक्याच्या उष्णतेने नळीला चिकटलेलं रबर तिथेच जळतं. डोळाच झिजून मोठा झाला असेल तर चांगल्या टर्नरकडून त्या मापाची बाहेरची स्लीव्ह करून घेणं हा सरळ मार्ग आहे.

प्रत्यक्ष कामाकडे वळण्याआधी एक गोष्ट गंभीरपणे घ्या. गाडीचं वजन सुमारे 900 किलो आहे, म्हणजे एका चाकावर साधारण सव्वादोनशे. स्प्रिंग चाकाजवळ नसून आर्मवर आतल्या बाजूला बसते, म्हणून तिच्यावरचा दाब त्याहून बराच जास्त, जवळपास दुपटीपर्यंत असतो. आर्मचा सांधा सोडताना ही स्प्रिंग धरून ठेवलेली नसेल तर ती सुटते, आणि तिच्या वाटेत येणारा हात किंवा चेहरा वाचत नाही. स्प्रिंग कंप्रेसर हवाच, शिवाय स्प्रिंगमधून साखळी ओवून ती बॉडीला बांधलेली असावी. हे साहित्य नसेल, किंवा हे काम कोणी अनुभवी माणसाने शेजारी उभं राहून कधी दाखवलं नसेल, तर आर्म उतरवण्याचं काम घरी करू नका. स्टॅबिलायझरची रबरं, शॉकअपची रबरं, मागच्या शॅकलची (पाट्याचं मागचं टोक बॉडीला टांगणाऱ्या कडीची) रबरं ही कामं घरी खुशाल करा.

सोडण्याआधी मोजून ठेवा. गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची वहीत लिहा. डाव्या-उजव्यात 15 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एक स्प्रिंग दबून खचलेली आहे, आणि तिचा विचार बुशांबरोबरच करावा लागेल. आर्मच्या पिनमागे पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) सापडल्या तर प्रत्येक जागच्या शिम वेगळ्या पिशवीत, जागा लिहून ठेवा. कॅम्बर-कास्टर, म्हणजे चाकाच्या कलण्याचे कोन, त्यांच्यावर ठरतात, आणि त्या एकत्र मिसळल्या की अलाइनमेंटवाल्याला सगळं मुळापासून करावं लागतं.

जुना बुश काढताना गॅस कटरने रबर जाळायची घाई सगळ्यांना असते. धूर विषारी असतो आणि आर्मच्या पत्र्याची ताकदही जाते. रबराला गोल ड्रिल मारून आतली नळी बाहेर काढा, मग बाहेरच्या नळीला आतून हॅकसॉच्या पात्याने एक उभी चीर द्या. पातं आर्मच्या डोळ्यापर्यंत पोचायच्या आत थांबायचं. नळी आत दुमडून सहज निघते. डोळा पॉलिश पेपरने साफ करा, काठावरची धार घासून काढा.

नवा बुश बसवताना दाब फक्त बाहेरच्या नळीवर आला पाहिजे. तिच्या कडेवर बरोबर बसेल असा पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट घ्या. आतल्या नळीवर किंवा रबरावर दाब दिला तर बसता बसताच चिकटलेलं रबर सुटतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. हातोड्याने ठोकूही नका, नळीची कड दुमडते. आर्म पत्र्याचा असेल तर त्याच्या दोन कानांमध्ये मापाचा तुकडा ठेवून आधार द्या, नाहीतर प्रेसखाली कान आत वाकतात. प्रेस नसेल तर जाड हाय-टेन्साइल स्टड, वॉशर आणि पाइपचे तुकडे यांनी खेचूनही बुश सरळ बसतो, फक्त वेळ लागतो. घसरण्यासाठी साबणाचं पाणी पुरेसं आहे. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती चालते, पण तिचा फायदा दोन-तीन शतांश मिलिमीटरचाच. म्हणून चुकीच्या मापाचा बुश त्याने बसेल अशी आशा ठेवू नका.

बुश नेहमी डाव्या-उजव्या जोडीने बदला. एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला दमलेलं रबर असेल तर ब्रेकला गाडी पुन्हा कुठेतरी ओढणारच.

आता तो शेवटचा आवळा. सगळं जोडलं, नट हाताने लावले, चाकं बसवली, गाडी खाली घेतली. पुढचा बंपर धरून चार-पाच वेळा दाबा, मग गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला. जॅकवरून उतरताना टायर जमिनीला आतल्या बाजूला चिकटून राहतात, त्यामुळे गाडी खरी उंची घेत नाही. ढकलल्यावर ती बसते. ड्रायव्हरच्या सीटवर एका माणसाचं वजन ठेवा. मग गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन खालून टॉर्क पान्याने आवळा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. मॅन्युअल हाताशी नसेल तर 8.8 ग्रेडच्या कोरड्या बोल्टला साधारणपणे एम10 साठी 45 आणि एम12 साठी 80 न्यूटन मीटरच्या आसपास आवळा धरतात, पण हा सरसकट अंदाज आहे. खड्डा किंवा रॅम्प नसेल तर बॉडी घोडीवर ठेवून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावा आणि मगाशी वहीत लिहिलेली उंची येईपर्यंत उचला. त्या स्थितीत आवळला तरी रबराला फरक पडत नाही.

आधीचे बुश बसवताना हे केलं होतं का, एवढंच त्या मेकॅनिकला शांतपणे विचारा. उत्तर ‘जॅकवरच आवळले’ असं आलं आणि फाटलेल्या रबरावर गोल चीर दिसली, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

मागच्या बाजूबद्दल थोडक्यात. पाट्याचा पुढचा डोळा हा एक्सलला धरून ठेवणारा मुख्य सांधा आहे, गाडी ढकलणारी आणि थांबवणारी ताकद तिथूनच बॉडीत जाते. तिथेही शेवटचा आवळा चाकांवरच. शॅकलला बहुधा दोन अर्ध्या तुकड्यांचे रबर बुश असतात, ते हाताने बसतात. पाटा एक्सलला बांधणारे यू बोल्ट सोडले असतील तर 500 किमीनंतर पुन्हा आवळून घ्या.

अँबॅसेडरवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: रबराचं तत्त्व हेच, पण पुढे कॉइलच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे, आहेत. त्यांच्यातही तितकाच ताण साठलेला असतो. काढण्याआधी बार आणि आर्म दोन्हींवर रंगाची खूण करा, नाहीतर उंची परत जुळवताना दिवस जातो. पानेही इंची लागतील, पद्मिनीसारखे मेट्रिक नाहीत.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. किंगपिन ढिले असतील तर ते आधी, मग बुश, मग शे-दीडशे किलोमीटर गाडी चालवून रबर आणि स्प्रिंग बसू द्या, आणि मग यंत्रावर. बहुतेक दुकानांच्या संगणकात पद्मिनीचे आकडे नसतात आणि ते एखाद्या दुसऱ्याच गाडीचे आकडे लावून मोकळे होतात. मॅन्युअलचं पान सोबत न्या. मात्र ते आकडे 5.20-14 च्या जुन्या क्रॉसप्लाय टायरसाठी आहेत. रेडियल टायर असतील तर टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) मॅन्युअलपेक्षा कमी ठेवायला सांगा, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर टायरच्या खाचांवरून हात फिरवून बघा. आत हात नेताना आणि बाहेर आणताना स्पर्श वेगळा लागला, एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखा, तर टो अजून बरोबर नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवतो: आधी दोन्ही ड्रम उघडा, मग स्टॅबिलायझर आणि शॉकअपची रबरं बघा, मग टॉमी लावून आर्म. या तीन तपासण्या तुम्ही एका सुट्टीच्या दिवशी घरी करू शकता. डाव्या खालच्या आर्मच्या बुशचा दोन्ही टोकांकडून फोटो काढा, जवळून आणि भरपूर उजेडात, आणि चारही चाकांच्या उंचीचे आकडे त्याबरोबर पाठवा. ते बघून तुम्हाला फक्त बुश लागतील की स्प्रिंगही, हे मी नेमकं सांगू शकेन.